जमिनीवरून उठण्याची तयारी

५ ऑक्टोबर

पडले त्याला आठवडा होत आला. हाड मोडलं नाही, डोकं फुटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं, "मग उठला का नाहीत?" तिथं नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहिते. उठता येत नव्हतं म्हणून उठले नाही.

कॉफी गाळताना पाय सरकला आणि मी बसल्यासारखी खाली गेले, मग पाठीवर. शेगडीच्या खालच्या बाजूला इतकं तेल साचलंय हे मला माहीत नव्हतं. हात टेकले, ढोपर वळवलं, पुन्हा पाठीवर. दुपारी मिग्दालिया भांडं परत द्यायला आली तोवर मी ते तेल बघत होते. मिग्दालिया माझ्या लेकीची, इवेलिसची धर्ममाता, म्हणून माझी कोमाद्रे, आणि तसंही बहिणीहून जवळची. तिनं काखेत हात घालून मला उठवलं, आधी कॉफी गरम केली, मग रडली. आणि मग मला न विचारता इवेलिसला फ्लोरिडात, किसिमीला फोन केला.

"आई, आता पुरे झालं," इवेलिस म्हणाली. "तू किसिमीला ये. घर विकून टाकू."

"घराला काय झालंय?"

"घराला नाही. तुला झालंय."

"मला काही झालेलं नाही. मी पडले आणि उठले नाही, एवढंच."

"हेच तर म्हणतेय मी."

जानेवारीत तीन राजांच्या सणाला ती येणार आहे, तेव्हा ठरवू म्हणाली. मी म्हटलं, "तोवर कुणाचा हात न धरता जमिनीवरून उठून दाखवलं, तर हा विषय परत काढायचा नाही."  मागे हॉर्न ऐकू येत होते. मग म्हणाली, "बरं." हल्ली ती गाडीत बसूनच फोन करते. फार काम असतं तिला.

९ ऑक्टोबर

मी आठवीत शाळा सोडली. त्यानंतर जे शिकले ते ब्लाउजच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत, पुस्तक मांडीवर ठेवून. तेव्हा हेही पुस्तकातूनच शिकावं म्हटलं. ग्रंथालयातून म्हातारपणातल्या व्यायामाचं एक जाड पुस्तक आणलं. चित्रातली बाई माझ्याच वयाची आहे असं लिहिलंय. दात माझ्यापेक्षा चांगले आहेत. पुस्तक म्हणतं, सोयीपेक्षा थोडं जास्त वजन उचलत गेलं की स्नायू कुठल्याही वयात वाढतो. हे वाक्य मी परत परत वाचलं. औषधं विकणारे असंच बोलतात. पण या माणसाला मला काही विकायचं नाहीये, पुस्तक ग्रंथालयाचं आहे.

गावात जिम आहे. तिथं चारी बाजूंना आरसे आहेत. एवढ्या म्हाताऱ्या मला एकदम बघायच्या नाहीत.

घरात जागा म्हणजे मार्केसिना. घराला चिकटलेलं छप्पर, समोर लोखंडी जाळीचं दार. गाडी तिथं, कपडे धुणं तिथं, इवेलिसचे सगळे वाढदिवस तिथं. गेल्या नोव्हेंबरात माझा नवरा एरास्तो गेला तेव्हा नऊ रात्री माळेची प्रार्थनाही तिथंच झाली. त्यासाठी गाडी बाहेर काढली होती. नंतर कुणीतरी ती आत लावली, ती तशीच आहे. दर शनिवारी मी जाऊन इंजिन चालू करते आणि थोडा वेळ बसते. त्याच्या सीटवर नाही, शेजारच्या. किल्ली फिरवायला वाकावं लागतं.

१२ ऑक्टोबर

गाडी बाहेर काढली. मीच चालवली. त्याची सीट पार मागे होती, माझे पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट पुढे घेतली. लिहायला सोपं आहे.

समोरच्या बाल्कनीत आमचे म्हातारे शेजारी, चागो, बसलेले. ते तिथं सकाळपासून असतात. मला अदबीनं दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणतात. त्यांना सकाळी कळलेलं दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला कळतं.

"गाडी विकताय का दोन्या सोराइदा?"

"नाही."

"मग पार्टी आहे?"

"नाही."

"मग कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. मी व्यायामशाळा करतेय."

ते हसले. "नका सांगू, नका सांगू. माझं काय जातंय."

२० ऑक्टोबर

जमवाजमव:

टायरवाल्याने रबराचा एक जाड पट्टा दिला. तो जमिनीवर अंथरला, म्हणजे पुन्हा पडले तर मऊ पडेन. वादळाच्या दिवसांसाठी भरून ठेवलेले पाण्याचे कॅन होते. यंदा वादळ आपल्या बेटाकडे वळलं नाही, तेव्हा ते उचलायला घेतले. बरे असतात, जास्त झालं की थोडं ओतून टाकता येतं.

पुस्तकातल्यासारखा दांडाही केला. जुन्या पाइपाची दोन टोकं कॉफीच्या दोन डब्यांत रोवून सिमेंट ओतलं. एक डबा शनिवारी ओतला, दुसरा सोमवारी, आणि सोमवारी वाळू संपत आली होती. आता एक बाजू जड आहे. उचलला की दांडा दारू प्यायल्यासारखा कलतो. मी काही फेकणार नाही. इतकी वर्षं बाह्या शिवल्या आहेत, दोन्ही हात कुठल्या माणसाचे सारखे असतात?

प्रोवीकडे देवळातल्या दोन खुर्च्या मागितल्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, हा पुस्तकातला पहिला धडा आहे, आणि माझ्या खुर्च्या डुगडुगतात. प्रोवी आमच्या प्रार्थना चालवते, खुर्च्यांची किल्ली तिच्याकडे. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "दोन कशा पुरतील गं?" संध्याकाळी डझनभर खुर्च्या आल्या. देवळात बहुतेक जागा कमी पडत असेल.

२ नोव्हेंबर

खुर्चीतून उठणं जमतंय. आता खुर्चीशिवाय. जाळीच्या दाराचे गज दोन्ही हातांनी धरायचे, खाली बसायचं, वर यायचं. तोंड रस्त्याकडे.

"दोन्या," चागो वरून म्हणाले, "गुन्हा तरी काय केलात?"

"शेजारी मारला," मी म्हटलं.

दुपारी पोस्टाने इवेलिसचं एक खोकं आलं. पुस्तकं, भांडी, हिवाळ्यातला कोट. फोन केला तर म्हणाली, "घरात अडचण होतेय आई, तुझ्याकडे ठेव." मला कळलं. ती माझ्यासाठी खोली रिकामी करतेय. अजून परीक्षा व्हायची आहे आणि हिनं निकाल लावून टाकला. खूप राग आला. त्या रागात मी नेहमीपेक्षा जास्त वेळ गज धरून बसले-उठले.

१४ नोव्हेंबर

आज एरास्तोला वर्ष झालं.

मी काही करणार नव्हते. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला आठवणही करून दिली नव्हती. गेल्या वर्षी नऊ रात्री लोकांनी मला धरून ठेवलं, त्याचे उपकार आहेत. पण मला आजचा दिवस एकटीला उचलून बघायचा होता. संध्याकाळी त्याची बेसबॉलची जुनी विजार घातली आणि रबरावर उताणी झाले. कूस बदलायचा सराव.

दारात पावलं वाजली. जाळीपलीकडे प्रोवी, मिग्दालिया आणि गल्लीतल्या बऱ्याच जणी. सगळ्या काळ्या नाही तर जांभळ्या कपड्यांत. कुणाच्या हातात बिस्किटं आणि चीज, कुणाच्या हातात चॉकलेटचं पातेलं. मागे चागो, टोपी हातात धरून.

"पुन्हा पडलीस?" प्रोवीनं विचारलं.

"पडले नाही. झोपलेय."

"आज वर्षाची प्रार्थना ना गं?"

तेव्हा कुठे मला उलगडलं. गाडी बाहेर, फरशी धुतलेली, देवळातल्या खुर्च्या. मीही रस्त्यावरून जाताना हे पाहिलं असतं तर घरी जाऊन कपाटातून काळा झगाच बाहेर काढला असता. मार्केसिना रिकामी करायची दोनच कारणं असतात.

मिग्दालियानं मला उठवलं. विजार बदलायला गेले तर प्रोवी म्हणाली, "राहू दे. त्याचीच आहे ना?"

तर सिमेंटच्या डब्यांमध्ये बसून आम्ही माळ म्हटली. मी रडले नाही. रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे बघत होते. वर्षभर ती आत होती तेव्हा तो घरात कुठेतरी आहे असं वाटायचं. आज वाटलं, तो गेला, आणि गाडी न घेता गेला.

चॉकलेट पिताना मिग्दालियानं दांड्याला पाय लावून पाहिला. "हे काय आहे?"

मी सांगितलं. इवेलिसशी काय ठरलं तेही सांगितलं. चागो खूप हसले. प्रोवी हसली नाही. सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली आणि म्हणाली, "तीन वर्षं झाली, मला गुडघे टेकता येत नाहीत. प्रार्थना मी सांगते, आणि सगळे गुडघ्यावर असताना मीच उभी. कोंबड्यासारखी. तुझ्या पुस्तकात त्याचं काही आहे का?"

१९ नोव्हेंबर

प्रोवी रोज सकाळी येते. मिग्दालियाही येते. म्हणते, फक्त बघायला. आकडे मोजले की आपल्याला घाई होते असं प्रोवीचं म्हणणं, म्हणून ती एका बैठकीला एक नमो मारिया म्हणते. तिचा नमो मारिया फार लांब असतो. मांड्या थरथरतात. मी म्हटलं, "अगं, जरा भरभर म्हण." तर म्हणाली, "देवाच्या आईला घाई नाही."

३० नोव्हेंबर

आणखी दोन खोकी आली. एकावर पाय ठेवून चढ-उतार करते, उंची बरोबर आहे.

रविवारी दुपारी इवेलिसचा फोन. तिच्या जुन्या खोलीतला पंखा चालतो का, पलंगाची गादी ओल धरते का, दुपारी ऊन कुठून येतं. घर विकायचं म्हणजे हे सगळं विचारणारच. मी नीट उत्तरं दिली. खोटं सांगून घर राखायचं नाही मला.

"एडगार्डो कसा आहे?"

"बरा आहे. कामावर गेलाय."

रविवारीसुद्धा. जावई बिचारा राबतो. नाताळसाठी केळीच्या पानातले पास्तेलेस करीन तेव्हा त्याच्या नावाचे वेगळे बांधीन, त्याला मांस जास्त लागतं.

८ डिसेंबर

आज पहिल्यांदा खरी परीक्षा घेतली. उताणी झोपले आणि उठायला लागले. नाही जमलं. पुन्हा. नाही. कमरेतून सरळ वर यायला बघते आणि अर्ध्यात ताकद संपते. गुडघा सुजला. मिग्दालिया हात द्यायला आली तर तिच्यावर ओरडले. नंतर माफी मागितली.

हरले तर जाईन. तसं ठरलंय. किसिमीला वाईट काय आहे? लेक आहे, जावई चांगला आहे, दुकानं थंडगार आहेत. पण तिथं मी पाहुणी असेन. फ्रिज उघडायच्या आधी विचारावंसं वाटेल. इथं दिवे गेले तरी मला भिंती कुठे आहेत ते कळतं. आणि इथं एरास्तोबद्दल बोलायला लागले की तो कोण हे कुणाला सांगावं लागत नाही.

पुस्तक बंद करून ठेवलंय.

१७ डिसेंबर

पुस्तकानं सांगितलं होतं, मीच ते पान वरवर वाचलं. सरळ उठायचंच नाही. आधी कुशीवर, मग पालथं, मग हातांवर आणि गुडघ्यांवर, मग एक पाय पुढे.

"गाय अशीच उठते," मिग्दालिया म्हणाली.

"तू फक्त बघायला येतेस ना?"

"बघतेच आहे. गाय."

तिकडे प्रोवी उभ्याची खाली जायला शिकतेय. एक पाय मागे, गुडघा हळूहळू रबराकडे. ती वरून येते, मी खालून. आज दोघी एकाच वेळी मधे पोचलो, एक गुडघा टेकलेला आणि एक वर, समोरासमोर. ना तिला खाली जाता येईना, ना मला वर. आणि मग हसू यायला लागलं, तेव्हा तर काहीच जमेना. मिग्दालियानं दोघींना ढकलून आडवं केलं.

२५ डिसेंबर

मध्यरात्रीच्या मिस्साला प्रोवीनं गुडघे टेकले. मी शेजारी होते. तिचं तोंड इतकं कडक झालं होतं की पाद्रीबाबा तिच्याकडे दोनदा बघून गेले. उठवायला मला हात द्यावा लागला, पण ते आमचं ठरलं नव्हतंच. तिला खाली जायचं होतं.

२८ डिसेंबर

उठले.

कशालाही न धरता. चागो बहिणीकडे पोन्सेला गेलेत, म्हणून बाहेरून कुणी पाहिलं नाही. प्रोवी आणि मिग्दालिया होत्या. त्यांना बजावलंय, कुठं बोलायचं नाही. चागोला कळलं तर इवेलिसला विमानातच कळेल. हे तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला हवं.

नंतर स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर झोपले आणि तिथंही उठून पाहिलं.

४ जानेवारी

इवेलिस आली. एकटीच. एडगार्डोला रजा मिळाली नाही म्हणे. वाळलीय. तीन मोठ्या बॅगा आणल्यात. माझं सामान न्यायला रिकाम्या आणल्या असतील असं वाटलं, पण उचलून पाहिल्या तर भरलेल्या. उचलता आल्या, हे तिनं पाहिलं. 

तिनं सगळी मार्केसिना फिरून पाहिली. दांडा उचलला, कलला तेव्हा म्हणाली, "हे तूच केलंस, होय ना?" आणि माझ्या गळ्यात पडली, फार वेळ. मला वाटलं, हिला आता वाईट वाटतंय मला नेण्याचं.

६ जानेवारी

हे आज सगळं लिहून काढते.

सकाळी गल्ली शांत होती. चागोंकडे काल गाणी चालली होती, त्यांची बाल्कनी रिकामी. इवेलिस कॉफीचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी रबरावर उताणी झाले. कुशीवर, पालथी, हातांवर, एक पाय पुढे. उठले. श्वाससुद्धा फार लागला नाही.

"पाहिलंस? आता घर विकायचा विषय बंद."

"हो. बंद." तिनं कप वॉशिंग मशीनवर ठेवला आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मग तोंड असं का?"

"आई, एडगार्डो सप्टेंबरातच गेला. दुसरीकडे राहतो. दुसरीजवळ."

सप्टेंबरात. मी पडायच्या आधी.

"ऑक्टोबरात घर होतं. तू आली असतीस तर दोघींनी मिळून भागवलं असतं. नंतर तेही सोडावं लागलं."

"आणि खोकी?"

"ठेवायला जागा नव्हती गं."

मी तिच्यासमोर खुर्चीत बसले.  ती नाक पुसून हसली.

"मी ठरवलं होतं, सणाला यायचं आणि राहायचं. सगळ्यांना सांगायचं, आईला उठता येत नाही, तिला एकटं कसं ठेवू, म्हणून आले. कुणी पुढे काही विचारलं नसतं. उलट चांगली मुलगी म्हणाले असते. आणि तू तर उठतेस."

मिग्दालियाची भाची नवऱ्यानं टाकल्यावर घरी आली तेव्हा तिचं सगळं आयुष्य चागोंच्या बाल्कनीत वर्षभर वाळत पडलं होतं. मी स्वतःही दोन-चार वाक्यं जोडली असतील. इवेलिसनं ते सगळं फोनवर माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

तेवढ्यात जाळी वाजली. मिग्दालिया नारळाचा गोड भात घेऊन, प्रोवी, आणि मागे झोपेतून उठून आलेले चागो. आज काय आहे ते सगळ्यांना माहीत होतं.

"मग?" चागो जाळीतून म्हणाले. "झाली का परीक्षा?"

इवेलिस जमिनीवरच होती. डोळे लाल. ती उठायला लागली, मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं असेल, आधारासाठी ठेवला.

"नाही जमलं," मी म्हणाले. "अर्ध्यावर गुडघा राहतो. इवेलिस तिथलं काम सोडून आलीय माझ्यासाठी. आता इथंच राहणार."

मिग्दालियाचं तोंड उघडलं. प्रोवीनं तिच्या पायावर पाय दिला, ते मला दिसलं.

"मला परवापासून तो गुडघा बरा वाटतच नव्हता," प्रोवी म्हणाली, आणि हळूच कपाळाला, छातीला हात लावून क्रूस काढला.

"दोन्या, मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो," चागो म्हणाले. "या वयात डबे उचलून कुणी तरुण होत नाही. सगळी गल्ली हसत होती, मीच त्यांना गप्प केलं. असो. मुलगी गुणी निघाली, नशीब तुमचं."

तीन महिने. माझ्या जिभेवर काय काय आलं ते लिहीत नाही.

"हो," मी म्हणाले. "गुणी आहे."

ते समाधानाने गेले. दुपारपर्यंत वरच्या टोकाच्या दोघी-तिघी येऊन माझ्या गुडघ्याची चौकशी करून गेल्या, एकीनं मलम दिलं. इवेलिसला सगळ्यांनी जवळ घेतलं. एडगार्डोचं नाव कुणी काढलं नाही.

जेवणानंतर ती म्हणाली, "आई, एवढी मेहनत केलीस आणि सगळ्यांसमोर पडलीस."

"तुला राहायचंय ना?"

"हो."

"मग भांडी धू. मला उठता येत नाही."

ती पहिल्यांदा नीट हसली.

संध्याकाळी प्रोवी आली, एकटीच. उद्या सकाळी किती वाजता, असं विचारत होती. तिला गुडघ्यावरून आपलं आपण उठायला शिकायचंय. मी म्हटलं, नेहमीच्या वेळी ये. फक्त आधी ताडपत्री आणायला हवी. दाराच्या जाळीतून सगळं दिसतं, आणि चागो दिवसभर तिथंच असतात.